न चुरगळणारी चादर

४ नोव्हेंबर २०२५

गाळ्यात नवीन मशीन आली की मी एक वही सुरू करते. तीन-चार महिने ट्रायल. धागा किती वेळा तुटला, सुई किती दिवसांत बोथट झाली, विकणारा काय बोलला होता आणि खरं काय निघालं, सगळं तारीखवार. वाटलंच तर मनात आलेलंही लिहून टाकते. वही भरली की निर्णय. अशाच एका वहीच्या जोरावर मी एक ओव्हरलॉक मशीन परत केली होती, आणि तो दुकानदार अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

या वेळी मशीन नाही, कार्ड आहे. पद्धत तीच ठेवणार.

बँकेतून अक्षता नावाची मुलगी आली होती. गाळ्यात कापडाचे तागे पडलेले, बसायला जागा नाही, तरी हसतमुख. छोट्या उद्योजकांसाठी हॉटेलवाल्यांचं कार्ड निघालं आहे म्हणाली. कापड, वीजबिल, कुरियर जे काही भरायचं ते या कार्डावरून भरायचं, त्याचे पॉइंट जमतात आणि पॉइंटांवर त्यांच्या हॉटेलात फुकट राहता येतं. कार्ड घेतल्याबरोबर तीन रात्री बक्षीस, पण ३१ मार्चच्या आत वापरायच्या. वर्षाची फी आहेच. मी तिला सांगितलं, मी बेडशीट आणि उशांचे अभ्रे शिवते, नर्सिंग होम आणि लॉजना पुरवते, लांबात लांब जाते ती भिवंडीला आणि संध्याकाळी घरी असते. मला हॉटेल काय करायचं आहे?

तिने वही बंद केली आणि सहज विचारलं, "मग तुमच्याकडे कोणी राहायला येतं का, मॅम?"

तिथे मी सरळ बसले. पोरगी धंद्यात पुढे जाणार.


९ नोव्हेंबर

आमचं घर मालाड पूर्वेला, एक बेडरूम, हॉल, किचन. माणसं तीन: मी, माझे मिस्टर चंद्रप्रकाश आणि मुलगी श्रुतिका. हे कागदावर. प्रत्यक्षात कणकवली तालुक्यातल्या आमच्या वाडीतलं कोणीही मुंबईत आलं की आमच्याकडे उतरतं. कोणाचं विमान असतं, कोणाची मुलाखत, कोणाचं ऑपरेशन. गेल्या वर्षभरातले आठवतील तेवढे मोजले तर साठ रात्री झाल्या. चंद्रप्रकाश विमानतळावर कार्गोत शिफ्टला असतात, त्यांना त्यातल्या निम्म्या माहीतही नाहीत. पोळ्या कोण लाटतं हा प्रश्न तर ते विचारतच नाहीत.

श्रुतिकाची सीएची परीक्षा जानेवारीत आहे. ती हॉलमधल्या टेबलावर अभ्यास करते, आणि पाहुण्यांची गादीही हॉलमध्येच पडते.

परवा बोलता बोलता मी कार्डाचं काढलं. चंद्रप्रकाश म्हणाले, "आपली माणसं हॉटेलात उतरवणार? गावात तोंड दाखवायला जागा राहील का?" मी म्हटलं, गावात तोंड तुम्ही वर्षातून एकदा दाखवता, गणपतीला. इथे दाखवावं लागतं ते मला.


१३ नोव्हेंबर

वनमालावहिनी आल्या आणि आज गेल्या. या माझ्या मोठ्या जाऊबाई. भावोजी वारले तेव्हापासून गावी एकट्या असतात. साखरेमुळे डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, म्हणून ऑगस्टपासून दर महिन्याला अंधेरीच्या हॉस्पिटलात डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. डॉक्टरांनी बजावलं आहे, एकही चुकवायचं नाही, चुकलं की गेलेली नजर परत येईलच असं नाही.

वहिनींचा काही त्रास नसतो. लक्झरीतून पहाटे हायवेला पठाणवाडीला उतरतात, चालत घरी येतात. इंजेक्शन झालं की डोळ्याभोवती आयोडीनचा तपकिरी रंग, दोन दिवस तोंड धुवायचं नाही. त्यांच्यासाठी मी एक मरून रंगाचा अभ्रा वेगळा ठेवला आहे. आयोडीनचा डाग कशानेही निघत नाही, हे नर्सिंग होमचं काम करणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. वहिनींनाही माहीत आहे. गाळा घेतला तेव्हा त्या मुंबईत होत्या, पहिली आठ वर्षं माझ्यासोबत चादरींच्या कडा दुमडायला बसत. लॉजवाल्यांनी डागाची चादर परत पाठवली की मी बडबड करायचे, गिऱ्हाइकाकडून दंड घ्या म्हणावं.

त्याच्याही आधी, श्रुतिका दहा महिन्यांची असताना वहिनी तिला दीड वर्ष गावी घेऊन गेल्या होत्या, म्हणून मला मशीनवर बसता आलं. ते वेगळं.

या वेळी त्यांनी गादी हॉलमध्ये घालूच दिली नाही. पोरीचा अभ्यास मोडतो म्हणून किचनमध्ये ओट्याखाली आडव्या झाल्या. सकाळी सहाला दूध तापवायला गेले तर माझा पाय त्यांच्या हातावर पडला. हे काही बरोबर नाही. मी अक्षताला फोन करून हो म्हटलं.


२१ नोव्हेंबर

कार्ड आलं. वजनदार आहे, धातूचं असावं असं वाटतं, पण प्लास्टिकच आहे.

पहिली अडचण लगेच कळली. भिवंडीचा कापडवाला कार्ड घेतो, पण वर दोन टक्के लावतो. पॉइंटांची किंमत काढली तर ती दोन टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात. अक्षताला विचारलं तर म्हणाली, मॅम, असे व्यापारी बदला. बावीस वर्षांचा व्यापारी पॉइंटांसाठी बदलायला मी काय खुळी आहे? वीजबिल आणि कुरियर मात्र कार्डावर टाकले. बक्षिसाच्या तीन रात्री जमा दिसतात.


१० डिसेंबर

आज ट्रायलची पहिली रात्र. वहिनींना सकाळी इंजेक्शन झालं आणि हॉस्पिटलपासून रिक्षाने दहा मिनिटांवर हॉटेल. उद्या सकाळची तपासणीही तिथूनच. मालाडला येणं-जाणं वाचलं. कागदावर याहून सोयीचं काही नाही.

काउंटरवर कार्ड माझं, आधार दोघींचं. खोली चौथ्या मजल्यावर, खिडकीतून मेट्रोचा पूल दिसतो. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. चपला कुठे काढायच्या विचारलं. मी सवयीप्रमाणे आधी चादरीचा कोपरा उलटून पाहिला. शिवण सरळ, कड दोन इंच, पांढरा रंग एकसारखा. माल चांगला आहे. वहिनींनीही वाकून, एका डोळ्याने, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या टाके बारीक आहेत.

दिवे, नळ, फोन सगळं समजावलं. सकाळचा नाश्ता फुकट आहे तेही सांगितलं. निघताना त्यांनी विचारलं, "हंय माझ्यावांगडा कोण रवतला?"

मी म्हटलं, कोणी नाही वहिनी, तुम्ही महाराणी, अख्खी खोली तुमची. त्या हसल्या. मी सहाच्या आत गाळ्यावर परत होते. घरी श्रुतिकाने चार तास सलग अभ्यास केला. मलाही रात्री पोळ्या पाचच लाटाव्या लागल्या. खरं लिहायचं तर फार हलकं वाटलं.


११ डिसेंबर

सकाळी नऊला वहिनींना आणायला गेले. आंघोळ वगैरे उरकून पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत तयार बसल्या होत्या. साबण, शांपू, चहाच्या पुड्या श्रुतिकासाठी एका रुमालात बांधून ठेवलेल्या. कप विसळून पालथे. झोप लागली का विचारलं तर झकास म्हणाल्या.

पण नोंद करण्यासारखी गोष्ट वेगळीच. चादर! माणूस रात्रभर झोपून उठलं तरी चादरीवर एक सुरकुती नाही. गादीखाली खोचलेले कोपरेसुद्धा जसेच्या तसे. उशीला खळगा नाही. एवढ्या वर्षांत मी असा माल पाहिलेला नाही. शंभर टक्के सुती असेल तर चुरगळणारच, पॉलिएस्टर जास्त घातलं तर हाताला कळतं. मग हे आहे काय? आमच्या नर्सिंग होमवाल्या डॉ. जयंती कायम कुरकुरतात की राउंडच्या वेळी चादरी चुरगळलेल्या दिसतात. हे कापड मिळालं तर कार्डाची फी एका ऑर्डरीत सुटेल.

खाली हाउसकीपिंगचे सुपरवायझर भेटले, मार्तंड नावाचे, सावंतवाडीकडचे निघाले. त्यांना विचारलं. म्हणाले साधी साठ-चाळीसची चादर आहे, साठ टक्के सूत, चाळीस पॉलिएस्टर, रोज चुरगळते, रोज इस्त्री. मी मनात म्हटलं, सांगणार थोडेच आहेत! धंद्याचं गुपित मीही कोणाला सांगत नाही.

वहिनींना तपासणी करून लक्झरीत बसवलं. डॉक्टर खूश आहेत, वहिनींनी तक्त्यावरच्या पाच ओळी डाव्या डोळ्याने वाचल्या.


२२ डिसेंबर

भिवंडीहून साठ-चाळीसचे तीन नमुने मागवले. तिन्ही घरी पसरून त्यांच्यावर एकेक रात्र झोपले. सकाळी तिन्हींचा चोळामोळा. श्रुतिका म्हणते, आई, तू झोपेत फुगडी घालतेस. तरी कापडवाल्याला सांगितलं आहे, शोध, कुठल्या तरी मिलमध्ये बनतंय.

डॉ. जयंतींना मी आधीच बोलून बसले आहे की असा माल आणते. उगाच बोलले.


७ जानेवारी २०२६

दुसरी रात्र. श्रुतिकाचे पेपर चालू आहेत, त्यामुळे प्रश्नच नव्हता.

हॉस्पिटलातून रिक्षात बसल्यावर वहिनी म्हणाल्या, "माका गाळ्यात झोपूक दी गो. थंय कापडाचे तागे आसत, माका तेच्यार झोप येता."

मला हसूच आलं. एसी खोली सोडून गाळ्यात, उंदरांच्या सोबतीला! असं बोललेही. हॉटेलच्या लिफ्टमध्ये वहिनी माझ्या दंडाला धरून उभ्या होत्या. इंजेक्शननंतर संध्याकाळपर्यंत त्या डोळ्याला सगळं धूसर दिसतं, आणि उजवा तसाही मोतीबिंदूचा. मी जेवण खोलीत मागवून दिलं. ते बिल कार्डावर, त्याचे पॉइंट दुप्पट.


८ जानेवारी

चादर पुन्हा तशीच. एक घडी मोडलेली नाही. म्हणजे पहिल्या वेळी योगायोग नव्हता. मोबाइलवर फोटो काढून कापडवाल्याला पाठवला. त्याने लिहिलं, "भाभी, इसपे कोई सोया ही नहीं होगा।" हा माणूस माल न शोधण्यासाठी काहीही बोलतो.

वहिनींचे डोळे दोन्ही लाल होते. डॉक्टर म्हणाले जागरण नको. मी त्यांना सांगितलं, अहो, मुद्दाम शांत जागी ठेवलंय.


१६ जानेवारी

संक्रांतीला वहिनींचा फोन दरवर्षी सकाळी येतो. तिळगूळ घ्या, गोड बोला, मग अर्धा तास वाडीच्या बातम्या. या वर्षी आम्हीच केला, काल. दोन मिनिटांत ठेवला. चंद्रप्रकाश म्हणाले, वहिनी गप्प वाटली. मी म्हटलं, थंडी आहे, दम लागत असेल.

श्रुतिकाचे पेपर संपले. बरे गेले म्हणते. खरं म्हणजे आता हॉल रिकामा असतो. पण एक बक्षिसाची रात्र शिल्लक आहे, फेब्रुवारीत वापरून टाकू. मला त्या सोयीची सवय लागली आहे, हे वहीत लिहायला हरकत नाही.


६ फेब्रुवारी

वहिनी या महिन्यात येत नाहीत. काजू पडायला लागलेत, राखण कोण करणार म्हणाल्या. पुढच्या महिन्यात नक्की. हॉस्पिटलात कळवलं. मी खोली आधीच नोंदवली होती, ती रद्द केली. चोवीस तासांच्या आत रद्द केली तर रात्र जाते, त्याआधी केल्याने वाचली. हा नियम चांगला आहे.


५ मार्च

शिमग्यात पालखी घरी येते, तेव्हा घर बंद ठेवता येत नाही, म्हणून वहिनी मार्चमध्येही नाहीत. हे मला पटलं. शिमगा सोडून मुंबईला ये म्हणणं म्हणजे पापच.

चंद्रप्रकाशना पटलं नाही. म्हणाले, गेल्या वर्षी नात्यातल्या आबाच्या मुलाच्या मुंजीला घर शेजारच्या शकुवर टाकून आली होतीच की. हॉस्पिटलातून फोन आला होता. दोन इंजेक्शनं चुकली, पेशंटला लवकर आणा म्हणाले. मी वहिनींना तसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, माका आता बरां दिसता.


२४ मार्च

शिल्लक रात्र ३१ला मरते. वहिनी येत नाहीत, दुसरा पाहुणा नाही. चंद्रप्रकाशना नाईट आहे, श्रुतिका मैत्रिणींबरोबर मनोरीला गेली आहे. म्हटलं, ट्रायल पूर्ण करायची तर आपणच जाऊन पाहू. ज्या मशीनवर आपण बसलो नाही तिच्याबद्दल मत देऊ नये.

खोली तीच मिळाली, चौथ्या मजल्यावरची. एकटीने जेवले, टीव्ही लावला, बंद केला. जेवायला काय करायचं हे कोणी विचारलं नाही, ते बरं वाटलं. मग साडेआठला काय करावं कळेना. ही नोंद तिथल्याच टेबलावर बसून करते आहे. आता झोपते. सकाळी चादर तपासायची आहे.


२५ मार्च

चादर चुरगळली.

साडेसहाला उठले आणि मागे वळून पाहिलं. पूर्ण चुरगळलेली होती. एक कोपरा गादीखालून सुटलेला, उशीला माझ्या डोक्याएवढा खळगा, अभ्र्यावर तेलाचा पुसट डाग. घरी होते तशीच.

मी बराच वेळ तिथेच उभी होते. बावीस वर्षं मी चादरी शिवते आहे. त्यावर कोणी झोपलंय की नाही एवढं मला कळू नये? कापडवाल्याला भिवंडीत बसून फोटोवरून कळलं होतं.

खाली मार्तंड होते. त्यांना डिसेंबरचं, जानेवारीचं आठवतंय का विचारलं, डोळ्याभोवती तपकिरी आयोडीन लावलेल्या आमच्या बाई. ते म्हणाले, आठवतं. जानेवारीत त्यांची साफसफाईची बाई सांगत होती, त्या खोलीत बेडवरची चादर बदलावीच लागली नाही. गालिच्यावर भिंतीशी केसात घालायची पिन सापडली, तेवढीच. ती त्यांनी काउंटरवर ठेवली होती. मला काढून दिली. काळी, साधी पिन. वहिनींचीच.

रिक्षात बसून तिथूनच फोन लावला. वहिनी अंगणात होत्या, कोंबड्यांचा आवाज येत होता. मी सरळ विचारलं, त्या हॉटेलात तुम्ही झोपलात कुठे?

आधी म्हणाल्या खाटेवर. मी म्हटलं, वहिनी, मी चादरवाली आहे.

मग म्हणाल्या, "खाली झोपलंय. गालिचो होतो, माझी चादर होती. तूच सांगतंस मगे, आयोडीनचो डाग जाणा नाय. तेंची चादर पांढरीफेक, खोली तुझ्या नावार. डाग पडलो असतो तर दंड तुकाच."

मी विचारलं, मग हे मला का नाही सांगितलंत? आणि इंजेक्शन सोडून का दिलंत? डागाची भीती होती तर घरी यायचं होतं, मरून अभ्रा आहे.

पलीकडे त्यांनी कोंबड्या हाकलल्या, मग म्हणाल्या:

"हॉटेलात नेलंस तेव्हाच माका समाजला, जानकी. आता तुमच्या घरात माका जागा नाय. मी काय वायट वाटून घेऊक नाय. पण दर महिन्याक कशाक तुका खर्च?"

खर्च नव्हता, फुकट होतं, हे माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. बोलले नाही, एवढंच चांगलं केलं. मी म्हटलं, वहिनी, मी चुकले. त्या म्हणाल्या, तू कशी चुकशील, तुझा व्याप मोठा. मला रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि मान फिरवली.


२८ मार्च

चंद्रप्रकाशना सगळं सांगितलं. वाटलं होतं बोलतील. त्यांनी सरळ सुट्टी टाकली आणि म्हणाले, मीच जाऊन घेऊन येतो, फोनवर ती ऐकणार नाही. श्रुतिकाला कळलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "मोठी आई माझ्यामुळे गेली होती हॉटेलात?" मी म्हटलं, नाही गं, माझ्यामुळे. तेच खरं आहे. परीक्षा संपल्यावरही मी ती एक रात्र वहिनींसाठीच राखून ठेवली होती.


१ एप्रिल

वहिनी आल्या. आज इंजेक्शन दिलं. त्याआधी तक्ता. डिसेंबरमध्ये डाव्या डोळ्याने पाच ओळी वाचल्या होत्या. आज दोन.

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, नियमित आलात तर कदाचित एखादी ओळ परत मिळेल, सगळ्या मिळतील असं मी सांगणार नाही. वहिनींनी मान हलवली, बाजारात माल संपला म्हणून कोणी सांगावं तशी. मी बाहेर पाणी प्यायला गेले.

मधे अक्षताचा फोन आला. मी कालच कार्ड बंद करायला लेखी दिलं आहे. कारण निवडायचं असतं म्हणाली, आणि तिच्याकडची सगळी कारणं वाचून दाखवली. फी जास्त वाटते, दुसऱ्या बँकेचं घेतलं, प्रवास कमी झाला, असं बरंच. फी जास्त आहे, व्यापाऱ्याचे दोन टक्के पॉइंट खाऊन टाकतात, ही दोन्ही कारणं खरी होती. हॉटेल मात्र चांगलं आहे, चादरी चांगल्या आहेत, ते मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं. मग कारण काय लिहू, मॅम?

मी म्हटलं, लिही, घरी जागा झाली.

संध्याकाळी बेडरूममधली खाट वहिनींना दिली. आम्ही दोघं हॉलमध्ये. गाळ्यातून मी ऑर्डरीच्या मालातली एक कोरी चादर आणि अभ्रा आणला होता, पहिल्या प्रतीचा, पांढरा. अंथरला तशा वहिनी बाजूला सरल्या. मरून अभ्रा कुठे आहे विचारू लागल्या. फाटला म्हणून सांगितलं. तो कपाटात आहे, चांगला धडधाकट. मग त्या म्हणू लागल्या, ही चादर गिऱ्हाइकाची, डाग पडला तर काय करशील. मी म्हटलं, वहिनी, गिऱ्हाईक तुम्हीच. झोपा.

त्या कडेवर टेकल्या. बोटाने दुमड चाचपली. कड वाकडी गेलीय म्हणाल्या. खरंच दोन ठिकाणी गेली होती. हल्ली नवीन बाई बसते त्या मशीनवर. उद्या सांगते तिला म्हटलं.


२ एप्रिल

सकाळी सातला दार हळूच ढकललं. वहिनी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या, तोंड थोडं उघडं. चादरीचे दोन कोपरे सुटलेले, मधे सगळा गोळा पायाशी. मला फार बरं वाटलं.

उठल्या तेव्हा त्यांचं पहिलं लक्ष उशीकडे गेलं. अभ्र्यावर डाग पडला होता, रुपयाएवढा, तपकिरी. त्या पदराने पुसायला लागल्या. मी अभ्रा काढून घेतला आणि त्यांना चहाला बोलावलं. श्रुतिकाने आधीच आलं किसून ठेवलं होतं.

दुपारी अभ्रा धुतला. डाग निघाला नाही, निघणार नव्हताच. वाळल्यावर इस्त्री केली आणि कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'वनमाला' असं नाव घातलं. पुढचं इंजेक्शन २९ तारखेला आहे. अभ्रा कपाटात वरच, हाताशी ठेवला आहे.